नोंदवही

बोईसरची एस.टी. जव्हारमार्गे यायची.
बाबा मेळा स्टँडवर उतरायचे पावणेबाराला,
घाटाने उतरलेला चेहरा, हातात चिकूंची पिशवी.
आधी आंघोळ, मग आम्हाला हात लावायचा.
आई म्हणायची, अहो, तिथून तपासूनच सोडतात ना?
ते पुन्हा साबण लावायचे.

अणुभट्टीबद्दल कधी बोलले नाहीत.
पण घराचीही वही ठेवायचे, शिफ्टसारखी:
२२.४० गॅस बंद.
०२.१० शाल्मलीचा ताप १०१.४. पट्ट्या चालू.
०४.०० ताप ९९.८. वैजू झोपली. मी जागा.
आणि एकदा, लाल शाईत:
दूध उतू गेलं. कारण: मी पेपर वाचत होतो.

परवा सावरकरनगरच्या फ्लॅटमध्ये कपाट आवरलं.
सव्वीस वह्या निघाल्या.
शेवटच्या पानावर अक्षर ओळ सोडून घसरलेलं:
वैजूला गोळी दिली.
मोरीतला नळ गळतो. मिनिटाला तीस थेंब.
खाली, पट्टीने आखलेला रकाना:
चार्ज घेणाऱ्याची सही.
कोरा.

मोरीत गेले. घड्याळ लावून मोजले.
चौतीस.
आकडा लिहिला, वेळ टाकली, सही केली,
आणि मग
प्लंबरला फोन.