एक जानेवारी

एक्स्टेंशन बसेना.
निळी रेघ सरकत अर्ध्यावर येते, थबकते,
आणि कोपऱ्यात लाल चौकट:
प्रमाणपत्र अजून वैध नाही.
त्या 'अजून'वरून मी दरवेळी
पुढे निघून गेले.

एडिटर बंद करून उघडला.
उपटून काढला, नवा घातला.
कॅशे पुसली. वायफाय सोडून फोनचं नेट लावलं.
फायरवॉल पाडली, घाबरून परत उभी केली.
फोल्डरच्या परवानग्या तपासल्या,
माझ्याच मशीनवर मला परवानगी होती.
खाली उद्यमनगर चालू: लेथ, ग्राइंडर,
मधेच प्रेसचा दणका,
की कपातला चहा गोल गोल शहारतो.
दणके थांबले तेव्हा साडेसात झाले होते
आणि डबा मी उघडलाच नव्हता.

शटरची किल्ली ठेवायला दस्तगीरचाचा वर आले.
"काय गं पद्मजा, अडलंय व्हय?"
काय सांगणार? म्हटलं, एक सुटा भाग आहे, बसत नाही.
खुर्ची ओढून बसले,
तापलेल्या बेअरिंगपाशी बसतात तसे, हात न लावता.
"आटं जुळत्यात?"
"जुळतात. व्हर्जन बघितलं."
"मग नको कोण म्हणतंय? भाग का मशीन?"

हे मी विचारलंच नव्हतं.

"वाच की काय लिवलंय."
वाचलं.
"अजून म्हंजे? आज तारीख काय धरलीया त्यानं?"

खालची पट्टी मी लपवून ठेवते,
कोडच्या दोन ओळी जास्त दिसाव्यात म्हणून.
माउस खाली नेला, पट्टी वर आली.
एक जानेवारी दोन हजार दहा,
सकाळचे दहा वाजून चार.

बंद पडलेल्या फौंड्रीच्या लिलावातलं मशीन,
साडेतीन हजाराला घेतलेलं.
आतला बटणाएवढा सेल कधीतरी मेला असणार.
काल सोमवार, दिवसभर लाईट नव्हती.
आज सकाळी बटण दाबलं
आणि ते बिचारं पहिल्यापासून जगायला लागलं.
त्या सालात हे प्रमाणपत्र जन्मलं नव्हतं.
मी सातवीत होते.

चाचांनी तारीख परत वाचली, ओठ हलवत.
उजवा हात मांडीवर, तीन बोटांचा.
"जानेवारीत अख्खा हुता," म्हणाले.
"गेली ती श्रावणात."

महाद्वार रोडला घड्याळवाला शटर ओढतच होता.
चाळीस रुपये, सुटे द्या म्हणाला.
सेल चाचांनीच बसवला,
डाव्या हातानं, खट् आवाज येईस्तोवर.
"तारीख तू टाक," म्हणाले, आणि खिडकीकडे गेले.

मी दिवस टाकला, महिना टाकला.
सालाचे आकडे एकेक वर चढवताना
बटण जरा जास्तच वेळ दाबून धरावं लागलं.

निळी रेघ अर्ध्यावर आली.
सवयीनं मी डोळे मिटले.
बसलं.

जुना सेल चाचांच्या तळव्यावरच होता.
"टाकून द्या की," मी म्हटलं.
"देतो," म्हणाले,
आणि तो शर्टाच्या खिशात टाकून
जिना उतरायला लागले.