एकशे अठ्ठेचाळीस

कुपवाडला हळद होती, मावसनणंदेच्या मुलाची.
जेवणं चालू असतानाच डीजेनं लावलं
आमचं 'टुपूक टुपूक',
आणि खुर्च्या मागं सरकल्या.

पाण्याच्या मोटारीवरनं सुचलं, असं भरतेश सांगतो.
लोक हसतात.

विश्रामबागचा दवाखाना. पोटावर गार जेल.
त्या एवढ्याशा डब्यातनं आलं होतं पहिल्यांदा
टुपूक टुपूक टुपूक.
"एकशे अठ्ठेचाळीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
रिक्षात हा मांडीवर बोटांनी वाजवत आला
घरापर्यंत.

पुढच्या महिन्यात बाईंनी
यंत्र इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं,
मग पडदा स्वतःकडं वळवून घेतला.

अकरा दिवस कीबोर्डवरचं फडकं निघालं नाही.
बाराव्या रात्री हेडफोन लावून बसला.
शब्द मी दिले. साधेच:
ये की गं, नाच की गं.

आता पोरं घामाघूम.
कुणीतरी ओरडलं, "फास्ट कर की!"
डीजेनं वाढवलं,
आणि भरतेश भरल्या ताटावरनं उठला,
उष्टा हात वर धरून
पिवळ्याधमक गर्दीत घुसला.
"दादा, एकशे अठ्ठेचाळीस.
एकशे अठ्ठेचाळीसच ठेव."

मी त्याच्या ताटावर पत्रावळ झाकली.