मधे काहीच नसताना

भोसरीत, एस ब्लॉकच्या कोपऱ्यावर, आमची गेज रूम.
वीस अंश, बारा महिने.
एप्रिलमध्ये शॉपमधली पोरं काहीतरी निमित्त काढून
दोन मिनिटं गारव्याला यायची.
मी चष्म्यावरून बघितलं की जायची.

एकोणीस वर्षं मी इथे 'नाही' म्हणायचा पगार घेतला.
लाल रंगाची डबी, बारीक ब्रश.
ज्या शाफ्टवर ठिपका पडला तो मेला.
मायक्रोमीटर माझा, लाकडी पेटीतला, खाली निळं मखमल,
आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही
असं कुठे लिहिलेलं नव्हतं,
तरी सगळ्यांना पाठ होतं.

बुधवार होता. गुरुवारची सुट्टी तोंडावर.
भागवत इंगळेच्या मशीनवरचे तीनशे चाळीस नग
एकजात दोन शतांशाने जाड.
मी शॉपच्या मधोमध उभा राहिलो,
कॉम्प्रेसरच्या वर आवाज नेला:
"डोळे परभणीलाच ठेवून आलास का रे?"
दोघे-तिघे हसले. मला बरं वाटलं, हे आत्ता सांगतो.
तो बोलला नाही.
हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला,
घडीवर घडी,
जणू ते कुठेतरी जपून न्यायचं होतं.

संध्याकाळी रेश्मा तांबोळी दारात.
आयटीआयची अप्रेंटिस, येऊन तीन महिने.
"सर, तुम्ही चहाला गेला होता तेव्हा मी हात लावला, सॉरी.
पण मधे काहीच नसताना हा दोन शतांश दाखवतोय."

हसलो आधी.
मग जबडे मिटवले. कट, कट, कट.
रेघ शून्यावर नव्हती.
पुसलं, पुन्हा मिटवले. नव्हती.
पेटीच्या झाकणावर तपासणीची चिठ्ठी, माझ्याच अक्षरात:
पुढची तारीख मार्च.
बाहेर ऑगस्ट चालला होता.
सगळ्यांचे गेज मी वेळेवर चिंचवडला धाडले होते,
हा तेवढा ठेवून घेतला,
हा गेला तर मी काय वापरू, म्हणून.

लाल ठिपक्यांचं ठीक आहे, थिनरने निघतात.
तीनशे चाळीस नग आम्ही परत मोजले,
इंगळे आणि मी, समोरासमोर बसून,
तो आकडा वाचायचा, मी लिहायचो.
सगळे बरोबर होते.

पण मी पास केलेले?
ज्यांना 'वा' म्हणालो,
ज्यांची पाठ थोपटून वरच्या ग्रेडला चढवलं,
ते कशाने मोजले होते?
चाकणला फोन केला. दोन खोकी परत आली.
बाकीचे गाड्यांत बसून कधीच रस्त्याला लागले होते.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर बोललो.
वाक्य पाठ केलं होतं, निम्म्यात विसरलो.
"चूक गेजची होती" एवढंच आधी तोंडातून आलं,
आणि माझंच मला ऐकू आलं, की अजून ढकलतोय.
पुन्हा म्हणालो. या वेळी 'माझी' म्हणालो.
इंगळे फरशीकडे बघत होता.
त्याने माफ केलं का, विचारलं नाही.
ते त्याचं माप आहे.

आरशाचं कुणी सांगू नका मला.
आरसा दाढीपुरता.
मी रोज पावणेसातला येतो, भोंग्याच्या आधी.
मशीन गप्प असतात, तेल निथळत असतं,
लांडेवाडीच्या बाजूने पहिल्या बसचा हॉर्न.
कोऱ्या कागदाचा तुकडा जबड्यांत हलकेच धरतो
आणि ओढून काढतो.
कागदावर काळी रेघ येते.
काल पुसलेलं असतं, तरी येते.
मग मिटवतो, कट, कट, कट,
आणि बघतो,
समोर अजून कुणीच नसताना
माझ्यात किती दाखवतंय.