शेकडा एक

त्रिरश्मीच्या पायऱ्या चढताना निकुंभबाई
एकदाच थांबायच्या, दम लागला म्हणून नाही,
मागे वळून अंबडच्या शेडा बघायला.
आम्ही आठवी ब.
लेणी म्हणजे आमच्यासाठी माकडं, गार दगड,
आणि तुषार बच्छाव ओरडला
की परत येणारा त्याचाच आवाज.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत बाईंनी
छत्रीची मूठ भिंतीकडे केली. "वाचा."
कोण वाचणार? अक्षरं अशी,
जशी चिखलातून कोंबडी चालत गेलेली.
मग त्यांनीच वाचलं, बाजारभाव वाचावेत तसं:
क्षत्रपाच्या जावयानं गोवर्धनातल्या विणकरांकडे
ठेवले दोन हजार कार्षापण.
व्याज महिन्याला शेकडा एक.
त्यातून वीस भिक्षूंच्या कापडाचा खर्च.
मुद्दल परत मागायचं नाही.
सभेत वाचून दाखवलं, फळ्यावर नोंदलं.

"म्हणजे एफडी," तुषार म्हणाला.
बाई हसल्या नाहीत.
"बरोबर. आता सांगा, यात कोणाचं नाव नाही?"

आम्ही माकडांकडे बघत राहिलो.

"देणाऱ्याचं आहे. त्याच्या सासऱ्याचं आहे.
ज्यांच्या मागावर कापड निघालं
ते नुसते विणकर.
एकोणीसशे वर्षं
अनेकवचनात उभे आहेत बिचारे."

दहावीला मला इतिहासात एक्कावन्न मिळाले.
तहाची कलमं चुकली होती.

आता कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो
आणि दोन रुपयाला एक पान
निघत राहतात माणसं:
सातबारा, वारसदाखला, फारकत.
मी वाचत नाही. वाचलं की हात चुकतो.

पतसंस्थेचं शटर खाली आलं त्या महिन्यात
पासबुकांची रांग लागली.
हळदीच्या बोटांची, ग्रीसच्या बोटांची,
एक तर पावाच्या कागदात गुंडाळलेलं.
आईचंही होतं.
स्विचच्या कारखान्यात नगावर काम,
एकवीस वर्षांचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
ते मी गल्ल्यात ठेवलं होतं, पालथं,
नाव खाली करून.

मग बाई आल्या. छत्री बहुतेक तीच.
आपल्या पासबुकाची कॉपी उजेडाकडे धरून म्हणाल्या,
"शेवटच्या नोंदी कोणाच्या हातच्या गं?"
मी बघितलं.
तोवर रकमाच बघत होते, अक्षर नाही.
"शिक्का कधीचा? सही कोणाची?
आणि काय लिहायचं राहिलंय,
ते आधी बघ."

दुपारभर माझ्या काचेवर
त्रेचाळीस पासबुकं तारखेनं लावली.
गिऱ्हाईक आलं, वैतागून गेलं.
चारच्या सुमाराला दिसलं:
भाऊबीजेनंतर प्रत्येक पुस्तकात
एकच नवं अक्षर,
शून्याचं तोंड उघडं ठेवणारं.
बाईंनी चष्मा पुसला.
आनंद नाही झाला त्यांना. झाला असेल तर
वर्गात फळा स्वच्छ मिळाल्यावर व्हायचा तेवढाच.

पैसे? अजून तारखा पडताहेत.
आई विचारते, मी म्हणते, पुढच्या मंगळवारी.

पण अर्ज टाइप होऊन आला त्या दिवशी
वकिलाच्या कारकुनानं वर लिहिलं होतं,
"श्रीमती निकुंभ व इतर बेचाळीस".
बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला,
काही बोलल्या नाहीत.
मी बॉलपेन घेतलं. "व इतर" खोडलं.
गल्ला उघडला, पासबुक उताणं केलं,
आणि लिहिलं: कौतिक सुकदेव अहिरे.
त्याखाली पुढचं. त्याखाली पुढचं.

टोनर संपत आलेलं.
शेवटची सात नावं फिकी उमटली.
बाई म्हणाल्या,
"परत काढ."