दोन अक्षरं

उपरनाविकच्याही वर, नकाशावर नाव लिहायला जागा उरत नाही तिथं
माझं दुकान आहे.
काडतुसं, डायपर, हातमोजे, डिझेलच्या पावत्या
आणि दाराशेजारी साखर :
किलोकिलोच्या कागदी पुड्यांची छातीएवढी भिंत.
साखर संपू द्यायची नाही,
आधीच्या दुकानदारानं किल्ल्या देताना एवढंच सांगितलं होतं.

आईच्या दुधावर होती तोवर
अक्कालुकची इवालू टुणटुणीत होती.
मग ओटची पेज आली, वर साखर भुरभुरलेली.
पोट नगाऱ्यासारखं,
दुपट्यामागून दुपटी.
दात येताहेत, म्हणाले लोक.
पाणी बाधलं असेल, म्हणाले,
तर अक्कालुक दुसऱ्या हिमनगाचा बर्फ घेऊन आला वितळवायला.
आणि मी, तुकुम्मेक सील सोलायला किनाऱ्यावर गेली असताना,
पोरीच्या ओठाला साखरपाणी लावलं. चार चमचे.
अंगात ताकद यावी म्हणून.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हेलिकॉप्टर, मग विमान, मग महिनाभर काहीच कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात कोपनहेगनहून टोर्बेन नावाचा माणूस आला,
माझ्या काउंटरवर नकाशा पसरून बसला.
गावात तेवढं मोठं दुसरं टेबल नव्हतं.
साखर तोडायला आतड्यात एक कात्री असते, म्हणाला.
ती घडवायची कृती आईबापांकडून येते,
आणि हिच्या दोन्ही प्रतींत, अक्कालुकच्या नि तुकुम्मेकच्या,
त्याच जागी तीच दोन अक्षरं गळलेली आहेत.

दोनच? मी विचारलं.
उधारीच्या वहीत मी रोज याहून जास्त गाळते.

कुठं गळली?
त्यानं बोट आमच्या किनाऱ्यावर ठेवलं,
पश्चिमेला सरकवलं, बेटं ओलांडली, अलास्का,
सामुद्रधुनीच्या काठाशी थांबला, आणि बोट उचललं.
'इकडेच कुठंतरी. नक्की नाही सांगता येत.'

तेव्हापासून मला ती बाई दिसते.
वॉलरसचं कातडं दातांनी मऊ करत बसलेली, पोटुशी.
तिच्या पोटात कुणीतरी कृती उतरवून घेतंय
आणि दोन अक्षरं चुकतंय.
तिला काय कळणार? मुलगा धडधाकट झाला,
त्याला सील पचला, नार्व्हल पचला, चरबी पचली.
नको असलेली वस्तू वाटेत कुठं पडली
ते घरी पोचल्यावरसुद्धा आठवत नाही, तसं.
आणि मग पोरं, त्यांची पोरं, कुत्र्यांच्या गाड्या,
बर्फावरून बर्फावर, पूर्वेला, पूर्वेला.

साखर उलट्या बाजूनं आली.
कुठल्याशा उष्ण बेटांवर पाठी सोलून पिकवलेली,
नंतर डेन्मार्कच्या चिखलातल्या बीटाची.
तिच्यासाठी आमच्याकडे शब्दही नव्हता,
तोही त्याच बोटीतून उतरवला : सुक्कुत.
तोंडाला लगेच बसला.
जीभ हुरळली. आतड्याला कुणी विचारलं नाही.

इतक्या लांबून निघालेले हे दोघं
शेवटी भेटले कुठं, तर
सव्वा वर्षाच्या पोरीच्या पोटात,
जिथं पेजेची वाटीसुद्धा धड मावत नाही.

परवा तिचा दुसरा वाढदिवस झाला. काफ्फेमिक.
सकाळपासून अख्खं गाव आत-बाहेर,
दारात बुटांचा ढीग, टेबलावर सात तऱ्हेचे केक,
सातही माझ्याच पुड्यांतले.
इवालूच्या ताटलीत मत्ताकचे तुकडे
आणि डोंगरउतारावरच्या काळ्या बेरी.
ती गोडी बेतानं चालते, टोर्बेन म्हणाला होता,
तिला कात्री लागत नाही.

म्हाताऱ्या कुनुकनं केकचा कोपरा मोडला,
'एवढ्याशानं काय होतंय' म्हणत पोरीकडे नेला.
मी त्याच्या हातावर फटका मारला.
जोरात. कप हिंदकळले. सगळे गप्प.
तुकुम्मेक माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

इवालूनं जांभळी जीभ काढून दाखवली.

रात्री दुकानात बोटीची यादी भरायला बसले.
साखर : चाळीस खोकी.
खोडलं.
मग पुन्हा चाळीसच लिहिलं.
बाकीच्यांना कॉफी लागते.