देणे तेरा

जिंतूर आगाराच्या रोकड शाखेत
माझी खिडकी आहे, तिला गज आहेत.
त्या गजांतून तेवीस वर्षं पैसा आत येत राहिला
घामेजलेला, सेलोटेप लावलेला,
कधी हळदीचा, कधी तंबाखूचा वास असलेला.
पावणेअकराची परभणी शेवटची.
केरबा चिलगर इंजिन बंद करायचा
आणि नूरखाँ कातडी पिशवी टेबलावर उपडी करायचा:
"मोजा साहेब, आज नाण्यांचंच पीक आलंय."

मग तो मार्च.
आदेश एका ओळीचा होता.
बावन्न गाड्या उभ्या राहिल्या शेजारी शेजारी,
बसलेल्या पण न वाढलेल्या पंगतीसारख्या.

नोंदवही मात्र रोज उघडावी लागे.
आवक: निरंक.
पहिला आठवडा तारीख, सही, शिक्का.
नंतर नुसतं 'वरीलप्रमाणे'.
जावक थांबत नव्हती.
मुनीर मिस्त्री दर तिसऱ्या दिवशी
एकेक गाडी वीस मिनिटं चालू ठेवी,
बॅटरी मरू नये म्हणून.
मी लिहायचो: लिटर चाळीस, किलोमीटर शून्य.

पगार अर्धा आला, मग आलाच नाही,
मग आला तो दोन महिन्यांपूर्वीचा.
केरबा सेलूच्या रस्त्यावर टरबुजं विकू लागला.
गर्दी झाली की सवयीनं ओरडायचा, "मागं सरका, मागं सरका."
दोन गाड्यांची बाकडी काढून सरकीची पोती भरली.
पोती भाडं देतात,
पण कुणी झोपेतून दचकून विचारत नाही,
बोरी गेली का हो?

नूरखाँ मजुरांना सीमेपर्यंत सोडायला गेला.
चार फेऱ्या केल्या.
पाचवीनंतर त्याची पिशवी, पंच आणि तिकिटाचं मशीन
मुनीरनं फवारा मारून माझ्या खिडकीत ठेवलं.
मी पावती केली. वस्तू तीन.
पावतीवर जमा करणाऱ्याची सही लागते.
ती जागा कोरी आहे.

ऑगस्टात पहिली गाडी लागली, बोरीची.
बावीसच बसवायचे, एका सीटवर एक.
बसले पाच.
सहाव्या चतुराबाई, त्या आधी खिडकीशी आल्या.
"तुमच्या कंडाक्टरकडं माझे तेरा रुपये हायेत."

पदराच्या गाठीतून तिकीट काढलं.
पुढची बाजू पांढरी.
मशीनची शाई घामानं उडते:
गाव गेलं, तारीख गेली, भाडं गेलं.
मागं निळ्या बॉलपेननं मात्र
देणे १३. खाली न.

"सुट्टे न्हवते, म्हनला, मावशी परतीला घ्या.
लेकीकडं दोन दिसासाठी आले व्हते मी.
परतीची गाडीच लागली न्हाई, पाच म्हयने."

असल्या कागदाला आमच्याकडं खातं नाही.
महामंडळ तेव्हा डिझेलवाल्याचं देणं लागत होतं,
टायरवाल्याचं, आमचं,
शून्यं मोजताना बोट घसरायचं.
त्या सगळ्यात हे तेरा.
एवढंच देणं कुणीतरी
न मागता, स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

मी खिशातून दहाची नोट आणि तीन नाणी सरकवली.
बाईंनी मोजली.
"त्याला सांगा, चतुराबाईचं फिटलं म्हनून."
सांगतो, म्हणालो.

रात्री सरोजा घुगे हिशेब द्यायला आली,
नोकरीचा अकरावा महिना, त्यातले पाच घरी.
चार फेऱ्या. डिझेल चौदाशे चाळीस, आवक चारशे पस्तीस.
"सर, एवढेच," ती म्हणाली, चूक तिचीच असल्यासारखी.
मी दोनदा मोजले.
एकदा हिशेबासाठी.

पिशवी तिला नूरखाँचीच मिळाली होती.
आतल्या कप्प्यातून तिनं एक पेन काढलं,
टोपण चावलेलं, निळं.
"हे जमा करून घेता?"

राहू दे, म्हटलं.
सुट्टे नसतील तेव्हा लागेल.