एलसी

सेलूच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
माझ्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असतं, कापडी पाठीचं.
त्यातला चौथा रकाना इतका अरुंद
की दोनच अक्षरं मावतात: एलसी.

आमच्यात एलसी म्हणजे लाईन क्लिअर.
म्हणजे मी ब्रेकर पाडला, आयसोलेटर उघडला,
आता तू खांबावर चढ,
तारेला हात लाव, ती मेलेली आहे,
आणि तू एलसी परत देईपर्यंत
मेलेलीच राहील.

तात्या रेल्वेत होते, मानवत रोडच्या अलीकडच्या फाटकावर.
त्यांच्या एलसीला पिवळी पाटी होती, नंबर एकाहत्तर.
गाडी गेल्याशिवाय ते सरपंचाच्या जीपलाही सोडत नसत.
पुढं रुळांखालून रस्ता निघाला,
पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्याचा,
आणि फाटक गेलं.
रिटायर झाले त्या दिवशी पाटी काखेत मारून घरी आले,
म्हणाले, "मलाबी एलसी दिली बग सरकारनं."
ती पाटी आता हौदावर झाकण आहे.

माझ्या शाळेच्या एलसीवर
मी एक जूनला जन्मले, अर्ध्या वर्गासोबत.
आई म्हणते थंडी होती, तुरीला शेंगा होत्या.
याच चुकीच्या तारखेवर मला ही नोकरी लागली,
म्हणून मी कधी दुरुस्तीला गेले नाही.

तर, जूनचा दुसरा आठवडा. आभाळ कोरडं ठणठणीत.
वालूर फीडर बंद.
मुंजाजी खिल्लारे, एलसी नंबर सतरा,
हेल्परच्या फोनवरून घेतली, वेळ दोन चाळीस.
तेव्हापासून फोनवर फोन.
गिरणीवाला. कुल्फीवाला.
एक बाई, सासऱ्याला वाफेचं मशीन लावायचं म्हणणारी,
तिनं शिवी दिली नाही, नुसतं "कवा?" विचारलं,
ते जास्त लागलं.

चार वाजून दहा मिनिटं.
स्क्रीनवर नाव: मुंजाजी लाईनमन.
आवाज जाड, मधूनच फाटणारा,
वाऱ्यात उभ्या माणसाचा येतो तसा.
"मॅडम, एलसी परत दिली."

माझा हात उठला.
खोटं कशाला सांगू, उठला.
तोंडातून सवयीनं गेलं, "नंबर?"
"सहाशे बेचाळीस."

माझ्या रकान्यात सतरा.

"कोण बोलतंय?"
"प्रसेनजित. पप्पांचा फोन घरीच राह्यला.
त्यांला सांगा ना, कॉलेजवाल्यांनी एलसी परत दिली,
तिच्यात आईचं नाव चुकलंय."

पॅनलवर हिरवा दिवा होता.
पाल चुकचुकली नाही, काही नाही,
पंखासुद्धा तसाच फिरत होता.
बारा किलोमीटरवर एक माणूस
खांबाला पाय आवळून, दातांत पक्कड धरून
माझ्या दोन अक्षरांवर बसलेला होता.
पोरगं विचारत होतं, "मॅडम, ऐकू येतंय ना?"

हात खाली घ्यायला मला किती वेळ लागला
ते रजिस्टरात नाही.
त्याला रकाना नाही.

पाच पंचवीसला हेल्परचा फोन आला:
सतरा, एलसी परत, माणसं खाली, सामान खाली.
मी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.
तो वैतागला. वैतागू दे.
त्या दिवसापासून मी पूर्ण लिहिते, लाईन क्लिअर,
अक्षरं पाचव्या रकान्यात घुसतात
आणि साहेब लाल पेनानं गोल करतात.

सात वाजता मुंजाजी सहीला आले,
ऑईलचे हात पँटला पुसत.
"पोराचा फोन आलता म्हणं?"
"आलता. एलसीत आईचं नाव चुकलंय."
त्यांचं पेन थांबलं.
"कंच्या एलसीत?"

"शाळेच्या," मी म्हणाले.
"बसा जरा. पाणी प्या."